मेलेल्या सर्व्हरचा अंगारा

"मेलेलं उठलं! मेलेलं उठलं गं बया!"

तिसगावच्या बाजारतळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पाथर्डीहून, शेवगावहून जीपा भरून माणसं आली होती, काही तर टपावर बसून. साडेतीन वर्षांच्या मोनिकाला कडेवर घेऊन मी एका खांबाला टेकले होते. माझं निम्मं लक्ष तिच्या डोळ्यांकडे होतं. पुढच्या बाईच्या हातात पेटती उदबत्ती होती आणि दर जयजयकाराला ती हातभर मागे यायची.

चौरंगावर देव नव्हता, कॉम्प्युटर होता. साल १९९९. कॉम्प्युटर जवळून पाहिलेली माणसं गावात मूठभर असतील. या कॉम्प्युटरच्या पडद्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती, पेटीला भगवा शेला गुंडाळला होता आणि झेंडूचा जाडजूड हार घातला होता. शेजारी लोडाला टेकून श्रीमंत महाराज बसले होते. पन्नाशीचा माणूस, दाढीला तेल, बोटाबोटांत अंगठी, हातात माईक.

"सहादेव सर, वर या की! नव्या नवरीसारखं लाजता काय?"

सहादेव सर एस.टी. स्टँडसमोर कॉम्प्युटर क्लास चालवायचे. ते अवघडून चढले.

"हे यंत्र कुनाचं?"

"माझ्या क्लासचं. आमचा सर्व्हर होता. बाकीच्या चार कॉम्प्युटरना हा माहिती पुरवायचा."

"मग भंगारात का घातलं?"

"आतली डिस्क जळाली. नवी विंडोज त्याच्यावर चढत नाही. म्हणून मी... मेला म्हणून सांगितलं."

"ऐका! डाक्टरनंच मढं ठरवलं!" महाराजांनी तळहाताएवढी लोखंडी चपटी डिस्क गर्दीसमोर फिरवली. "ह्यो त्याचा मेंदू. माझ्या हातात हाय. मढ्याला मेंदू बी न्हाई. आता बघा!"

अंगाऱ्याची मूठ उडाली, बटण दाबलं गेलं. पेटी घरघरली. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली, 'लोडिंग लिनक्स', आणि त्यापुढे टिंबामागून टिंब.

"काय म्हनतंय यंत्र?" महाराज गरजले. "लीन व्हा म्हनतंय, लीन!"

पाचशे माणसं खाली वाकली. मी वाकले नाही. कडेवर पोर होती. त्यामुळे पुढचा मजकूर वाचता आला. मी बी.एस्सी. झालेय, इंग्रजी वाचता येतं. ओळींमागून ओळी सरकत होत्या आणि महाराज सांगत होते, ही चौऱ्याऐंशी लक्ष योनींची नावं आहेत. एका योनीचं नाव कीबोर्ड होतं. एकीत चक्क मेमरी किती ते लिहिलेलं होतं.

मग पडदा कोरा झाला आणि कौल सुरू झाले. दर्शनाला बाई पुढे आली की महाराज डोळे मिटत. तेवढ्यात पडद्यावर इंग्रजी लिपीतलं मराठी उमटायचं. 'मुक्ताबाई. गुडघे. औषध सोडा.' मुक्ताबाईंनी तोंडात पदर कोंबला. माणसामागून माणूस गेला. नावं वेगळी, दुखणी वेगळी, शेवट तोच. औषध सोडा. सोडलेलं औषध यंत्राच्या पायाशी वाहायचं. तिथे ढीग साचला होता. मधुमेहाच्या गोळ्या, दम्याच्या गोळ्या, क्षयाच्या औषधांची सरकारी पाकिटं, फुटलेल्या बाटल्यांतून ओघळलेलं गोड सिरप आणि त्यावर घोंघावणाऱ्या माश्या. मी मोनिकाच्या नाकावर पदर धरला.

माझ्या सासूबाईंनी मला पुढे ढकललं. भागिरथीबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणते. पडद्यावर आलं, 'मोनिका. झटके. औषध सोडा.'

महाराजांनी अंगठा स्वतःच्या तोंडात घातला, चांगला ओला केला, अंगाऱ्यात बुडवला आणि मी तोंड फिरवायच्या आत माझ्या लेकीच्या जिभेवर पुसला.

मोनिका ओकारी आल्यासारखी रडली. मी पदराने तिची जीभ पुसत होते, तेवढ्यात आत्याबाईंनी पिशवीतून तिच्या फिटच्या औषधाची बाटली काढली. घरून निघताना गुपचूप आणली होती. बाटली ढिगावर पडली आणि घरंगळत तळाशी गेली.

"आत्याबाई! डॉक्टरांनी सांगितलंय, एकदम बंद करायचं नाही!"

"डाक्टरनं दोन वरसं दिलं. गेले का झटके? यंत्रानं नाव घेतलं तिचं. कुनी सांगितलं हुतं त्याला?"

कुणी सांगितलं होतं? ते मलाही ठाऊक नव्हतं. घरी येईपर्यंत तोच प्रश्न डोक्यात होता.

औषधाने झटके पुरते गेले नव्हते हे खरं. पण महिन्यात चार यायचे ते चार महिन्यांत एकावर आले होते, आणि हे मी कॅलेंडरवर टिपून ठेवलं होतं. ते औषध तिसगावात मिळत नाही, तीन दिवस चुकलं होतं. बुधवारी सकाळी मोनिका अंगणात मातीच्या भाकरी थापता थापता कलंडली. डोळे वर, दातखिळी. मी तिला कुशीवर वळवलं, लाळ पुसली आणि हातातल्या घड्याळाकडे बघत राहिले. साडेपाच मिनिटं. याआधी दोनच्या वर कधी गेलं नव्हतं.

"महाराज म्हनले हुते. जाताना जोर करतंया," आत्याबाई म्हणाल्या.

मी तशीच जीप पकडून पाथर्डी गाठली. डॉक्टर माझ्यावरच ओरडले. "शिकलेली बाई ना तुम्ही? पुढचा झटका थांबला नाही तर काय कराल?" नवी बाटली दिली. परत येते तर आत्याबाई दारातच उभ्या.

"येत्या रविवारपासून अकरा दिवस पोरीचं अनुष्ठान ठरवलंय. मी राहीन शेडात तिच्यासंगं. आईनं जवळ यायचं न्हाई असा नेम हाय."

अकरा दिवस औषधाशिवाय. एसटीडी बूथवरून कोपरगावला फोन लावला. माझे मिस्टर प्रशांत तिथल्या साखर कारखान्यात आहेत. म्हणाले, "आईचं मन मोडू नको. पंधरवड्याने येतो, मग बघू." मी फोन आपटला. बूथवाला बघतच राहिला.

आमच्या गल्लीत हायस्कूलच्या प्रज्ञा साळवे बाई राहायच्या. श्रीरामपूरहून नुकत्याच बदलून आल्या होत्या, विज्ञान शिकवायच्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पडद्यावरची आठवतील ती वाक्यंसुद्धा. 'लोडिंग लिनक्स' ऐकल्यावर त्या आधी हसल्या. मग ढिगाचं आणि अंगठ्याचं ऐकलं आणि हसू विरलं.

"माधुरीताई, माझ्या भावाकडे कॉम्प्युटरचं मासिक येतं. त्याबरोबर फुकट आलेली सीडी आहे माझ्याकडे. सहादेव सरांकडे जाऊ या."

सहादेव सरांना आधी ते रुचलं नाही. "म्हणजे मी चुकलो म्हणता? बारा वर्षं काढली या धंद्यात."

"तुमच्या अडगळीत अजून एखादं मेलेलं यंत्र आहे का?"

होतं. तेही डिस्क नसलेलं. बाईंनी सरांच्या नव्या मशीनमध्ये सीडी घातली आणि तिच्यातलं काहीतरी एका फ्लॉपीवर, त्या पातळ चौकोनी चकतीवर, उतरवायला घेतलं. पहिली फ्लॉपी निम्म्यात अडकली; खराब निघाली. दुसरी घातली. खटखट करत ती भरली. ती काढून मेलेल्या यंत्राच्या खाचेत सरकवली आणि बटण दाबलं.

काळा पडदा. 'लोडिंग लिनक्स'. टिंबामागून टिंब. मग त्याच त्या ओळी, तीच ती मेमरी, तोच तो कीबोर्ड. शेडमध्ये पाहिलं तेच, फक्त हळदीकुंकवाशिवाय.

"ही एक हलकी सिस्टिम आहे," बाई म्हणाल्या. "लिनक्स. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिली आणि फुकट वाटली. नव्या विंडोजला लागतो तेवढा पसारा हिला लागत नाही. हिचं लहानात लहान रूप या एका फ्लॉपीत मावतं. डिस्क नसली तरी मेमरीत जाऊन बसते. जुना सर्व्हर हिच्यावर मजेत चालेल."

सहादेव सर खुर्चीत बसले ते बसलेच. "मला विंडोज येते. ती चालली नाही, म्हणून मी यंत्रच मेलं म्हटलं." मग म्हणाले, "ही असली सीडी घेऊन आमचा सुनील फिरायचा. क्लासला शिकवायला होता. दिवाळीत पुण्याला चाललो म्हणून गेला. जाताना क्लासमधलं एक जुनं यंत्र मागून घेतलं. भंगारच आहे, ने म्हटलं."

"उठलं कसं ते कळलं," मी म्हणाले. "पण त्याला नावं कोण सांगतं?"

"दर्शनाआधी काय करायला लावतात?" बाई म्हणाल्या.

मला आठवलं. दर्शनाआधी प्रत्येक बाईला तास-दोन तास सेवा द्यावी लागते. स्वयंपाकखोलीच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडायचे, लसूण सोलायचा. आमच्याकडच्या बायका सूप पुढ्यात घेऊन बसल्या आणि एकमेकींना दुखणी सांगितली नाहीत असं कधी झालंय? गेल्या रविवारी आत्याबाईही तिथे बसल्या होत्या. त्यांच्यात महाराजांच्या मंडळींतली बनुबाई बसते, गोड बोलते, मधूनच 'डाळ बघून येते' म्हणत आतल्या कोठीत जाते.

"यंत्राला मागून वायरी किती?" बाईंनी विचारलं.

"दोन दिसल्या. एक प्लगला जाते."

"आणि दुसरी?"

दुसरी आंब्याच्या पानांच्या तोरणात शिरली होती. तोरण मांडवभर फिरून स्वयंपाकखोलीकडे गेलं होतं. मी ते पाहिलं होतं, पण तोरणाकडे कोण संशयाने बघतं?

रविवारी आम्ही पुन्हा गेलो. आत्याबाईंच्या काखेत अनुष्ठानाचं गाठोडं होतं, त्यात मोनिकाचे अकरा दिवसांचे कपडे. म्हाताऱ्या बायका लांबच्या कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या, तिथे त्या गेल्या. मी मुद्दाम बनुबाईपाशी सूप ओढलं.

"तोंड का गं उतरलं तुझं, लेकी?" बनुबाईने पाठीवरून हात फिरवला.

मला खोटं बोलताना घाम फुटतो. पण त्या दिवशी एकही शब्द अडला नाही. "कुणाला सांगू नका हं मावशी. माझा थोरला भाऊ होता, भीमराज. गोदावरीला पूर आला तेव्हा बुडाला. पोरगी झटक्यात पडली की मला वाटतं, तोच धरतो तिला."

"अगं माझे बाई!" बनुबाईने डोळ्यांना पदर लावला. दोन खडे निवडले आणि उठली. "डाळ बघून येते."

प्रज्ञाबाई मांडवाबाहेरून स्वयंपाकखोलीच्या मागच्या अंगाला गेल्या. सहादेव सर चौरंगाजवळ उभे राहिले. आमची पाळी आली. आत्याबाईंनी मोनिकाला माझ्या कडेवरून ओढून घेतलं आणि महाराजांपुढे धरलं. मी अडवलं नाही, आणि ते क्षण माझ्याने अजून आठववत नाहीत.

पडद्यावर अक्षरं उमटली. महाराज वाचू लागले.

"मामा... भीमराज. गोदावरीत बुडाला. अतृप्त हाय!" आवाज चढला. "पोरीच्या मामानं तिला धरलंय! औषध पोटात गेलं की त्याचा जीव जळतो, म्हनून तो झटकं देतो!"

गर्दीतून हुंदके आले. आत्याबाईंनी मात्र मोनिकाला मागे घेतलं.

"कोन मामा?"

"भीमराज. तुमच्या सुनंचा थोरला भाऊ."

"हिला भाऊच न्हाई. जन्मापासनं एकली लेक हाय."

"असंल की. लपवलं असंल."

"लपवलं? आवं, लग्नात आमच्या प्रशांतचा कान पिळायला भाऊ नव्हता हिच्याकडं! कानपिळ्याशिवाय लग्न व्हतंय व्हय? मांडवभर हुडकून शेवटी मावसभाऊ धरून आनला, दहा वरसांचा. हात पुरंना म्हनून त्याला पाटावर उभा केला. टोपी-टॉवेल मी माझ्या हातानं दिलाय त्याला! आन तुमी मला बुडालेला भाऊ सांगता?"

कुणीतरी फिसकन हसलं. मागून एक आवाज आला, "लग्नात असता तर कान मोठ्या मानसानं पिळला असता की वो, महाराज!"

"मानलेला भाऊ असंल," महाराजांनी सावरायला पाहिलं. पण मांडवातल्या गलक्यात आत कोठीत बसलेल्याला यातलं काही ऐकू जात नव्हतं. पडद्यावर अक्षरं उमटतच होती. 'भीमराज म्हणतो ताई मला ओळख. भीमराज म्हणतो तुझ्या लेकीला मी सो...'

तिथेच थांबली, अर्ध्या शब्दावर. तोरणाची पानं सळसळत खाली आली आणि त्यांच्यामधून टीव्हीच्या केबलसारखी काळी वायर लोंबली.

"सहादेव सर," प्रज्ञाबाईंचा आवाज स्वयंपाकखोलीतून आला, "इकडे या. तुमचे सुनील सर पुण्याहून परत आलेत."

गुळाच्या ढेपांमागे क्लासचं जुनं यंत्र मांडलेलं होतं. त्याच्यासमोर सुनील, मांडीवर शिऱ्याची ताटली. शेजारी बनुबाईने दर्शनाच्या क्रमाने आणून ठेवलेल्या चिठ्ठ्या. माणसांनी त्याला ताटलीसकट बाहेर आणलं. सगळ्यात वरच्या चिठ्ठीवर माझा भाऊ होता. आत्याबाईंनी ती माझ्याकडून वाचून घेतली. एकदा नव्हे, दोनदा.

महाराजांनी शेवटचा डाव टाकला. "ह्या बाईचं ऐकता? हिच्या लोकांनी तर धर्म बदलून देव नदीत सोडले! हिचं काय काम इथं?"

प्रज्ञाबाईंचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज वर्गात असतो तसाच होता.

"माझा देवाशी वाद नाही, महाराज. वायरशी आहे."

"ते वायरचं कळलं वो बाई," मुक्ताबाई पुढे झाल्या. त्यांचे गुडघे आठवड्यात आणखी सुजले होते. "पर मेलेलं उठलं, ते कसं? ते तर आमी डोळ्यांनी बघितलं."

बाईंनी पेटीवरचा झेंडूचा हार उचलला. खाली खाच होती. तिच्यातली फ्लॉपी काढून त्यांनी महाराजांच्या हातात दिली. "हा मेंदू तुम्ही दाखवायचा विसरलात. आता घाला अंगारा. उठवा."

महाराज हलले नाहीत. अंगारा सहादेव सरांनी घातला, मूठभर. बटण दाबलं. पडद्यावर एवढंच आलं की चालू करायला काही सापडत नाही, फ्लॉपी घाला.

मग बाईंनी आमची फ्लॉपी मुक्ताबाईंच्या हातात ठेवली आणि खाच दाखवली. मुक्ताबाईंनी आधी हात लुगड्याला पुसला. फ्लॉपी आत गेली. घरघर. 'लोडिंग लिनक्स'. टिंबामागून टिंब.

"आन मी तर आज आंगुळ बी न्हाई केली," मुक्ताबाई म्हणाल्या.

लोक हसले. सहादेव सरांनी माईक घेतला. त्यांना भाषणाची सवय नव्हती. "मी या यंत्राला मेलं म्हणालो. ते मेलं नव्हतं. माझ्याजवळची सिस्टिम त्याला जड होती आणि हलकी असते हे मला माहीत नव्हतं. सुनीलला माहीत होतं. त्याने ते मला सांगायचं सोडून यांना विकलं. मला येत नव्हतं, एवढाच यातला चमत्कार."

महाराजांची जीप कधी सुटली कळलं नाही. बनुबाई मागे धावली. तिला बसवून घ्यायलाही ते थांबले नाहीत. सुनीलला पोलीस पाटलांनी बसवून ठेवलं. तो एकच म्हणत होता, "मी फक्त टाईप केलं. जे दिलं ते टाईप केलं."

सगळ्यात किळस मला त्याचीच आली. महाराजाला यंत्रातलं काही कळत नसेल, त्याला सगळं कळत होतं. बनुबाईची चिठ्ठी वाचून झाल्यावर 'औषध सोडा' हे शब्द रोज त्याच्याच बोटांनी उमटत होते. आणि ती विद्या तरी कसली! लोकांनी फुकट वाटलेली, अशासाठी की सर्व्हर घ्यायची ऐपत नसलेल्या शाळेनेही जुन्या यंत्रावर काम करावं. या पठ्ठ्याने ती क्षयाच्या रोग्याची पाकिटं हिसकायला वापरली.

शेडात माणसं ढिगापाशी बसून आपापली औषधं शोधत होती. चिकट बाटल्या, पुसलेली नावं. एका म्हाताऱ्याला त्याच्या गोळ्या ओळखता येईनात. तो प्रत्येक पाकीट उजेडाकडे धरून बघत होता. आठ दिवसांचा खंड पडला होता त्याचा. "उद्या दवाखान्यात चला, नवीन घेऊ," मी म्हणाले, तरी त्याने ढीग सोडला नाही.

घरी आल्यावर मी औषधाचा चमचा घेतला तेव्हा मोनिकाला मांडीवर घेऊन आत्याबाईच पुढे सरकल्या. सोमवारी त्या पाथर्डीला माझ्याबरोबर आल्या आणि डॉक्टरांपुढे खुर्ची ओढून बसल्या.

"हे औषध पोटात जाऊन डोक्यातलं दुखनं कसं धरतं? आन दोन वरसं झाली तरी झटका का येतोय? मला समजंल असं सांगा."

डॉक्टर घड्याळाकडे बघत सांगू लागले. त्यांचं झाल्यावर आत्याबाईंनी आणखी तीन प्रश्न विचारले. शेवटच्या प्रश्नाला डॉक्टर म्हणाले, "हे आम्हालाही अजून नक्की माहीत नाही." मला भीती वाटली, आता यांचा विश्वास उडतो. पण आत्याबाईंनी मान डोलावली. "ह्यो मानूस बरा हाय," बाहेर आल्यावर म्हणाल्या. "न्हाई म्हाईत तर न्हाई म्हनतो."

हे वाचणाऱ्या आईबापांना माझं एवढंच सांगणं आहे. न कळणारी गोष्ट दिसली की हात जोडायच्या आधी प्रश्न विचारा. यंत्राला विचारा, महाराजाला विचारा, डॉक्टरलाही सोडू नका. खरं काम करणारा माणूस चिडेल, वेळ नाही म्हणेल, पण उत्तर देईल, नाहीतर माहीत नाही म्हणेल. जो उत्तराऐवजी तुमच्या हातातली औषधाची बाटली मागतो, त्याच्यापुढे लेकरू धरू नका. मी एकदा धरू दिलं. साडेपाच मिनिटं मी घड्याळ बघत बसले होते.